शाळेचा निर्णय आला म्हणे! तो खरा आहे का, आपल्या मुलाला लागू आहे का आणि पुढे काय करायचं (गोव्यातल्या पालकांसाठी)

गेली सहा वर्षं मी आमच्या गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या पालक समितीत आहे, मोठी मुलगी आता हायस्कूलला गेली आणि धाकटा अजून प्राथमिकला आहे, त्यामुळे दोन्हीकडचे ग्रुप, दोन्हीकडच्या मीटिंगा आणि दोन्हीकडचे गोंधळ माझ्या वाट्याला आलेत. ह्या सहा वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे शाळेची बातमी आली की आपण पालक लगेच चिडतो किंवा घाबरतो, पण हा निर्णय नेमका कोणी घेतला आणि तो कुठल्या टप्प्यावर आहे हे कोणी बघतच नाही, आणि जेव्हा बघतो तेव्हा बोलायची वेळ टळून गेलेली असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी निर्णय कोणाचा ते बघायचं. आपल्याकडे सरसकट सगळ्याला "बोर्डाने काढलं" म्हणतात. पण पर्वरीला आल्त बेतीला जे गोवा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ आहे ना, १९७५ साली कायदा करून झालेलं, त्याचं मुख्य काम म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा, त्यांचे निकाल, आणि नववी ते बारावीचा अभ्यासक्रम. तुमच्या तिसरीतल्या मुलाची शाळा किती वाजता सुटणार हे मंडळ ठरवत नाही. ते काम शिक्षण खात्याचं, म्हणजे संचालनालयाचं. सुट्ट्या, शाळेच्या वेळा, सरकारी शिक्षकांच्या बदल्या, अनुदान, नवीन शाळेला परवानगी, हे सगळं खातं बघतं. पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि शिक्षकांचं ट्रेनिंग ह्याच्यात एससीईआरटी, म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद येते. आणि अनुदानित शाळा असली तर गणवेश, शाळेचे कार्यक्रम असल्या बऱ्याच गोष्टी मॅनेजमेंट ठरवते. केंद्रीय विद्यालयात किंवा सीबीएसईच्या शाळेत मूल असेल तर परीक्षेचे नियम दिल्लीहून येतात, त्यांना गोवा मंडळाचं टाइमटेबल लागूच नाही, तरी त्यांच्या ग्रुपवर तेच फिरत असतं.

हे एवढं सांगायचं कारण असं की चुकीच्या ठिकाणी गेलं की महिना वाया जातो. माझ्या ओळखीतली एक आई शिक्षक कमी आहेत म्हणून तक्रार घेऊन थेट मंडळाच्या ऑफिसात गेली, एक दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून, आणि तिथे तिला सांगितलं की हे आमच्याकडे येत नाही. त्यांचं बरोबरच होतं. प्राथमिक शाळेसाठी आधी तालुक्याचे भागशिक्षणाधिकारी, त्याच्यावर झोनचं ऑफिस (उत्तरेचं म्हापशाला, मध्य झोनचं पणजीला, दक्षिणेचं मडगावला), आणि त्याच्यावर पर्वरीचं संचालनालय, अशी पायरी आहे. पायरी चुकवू नका, कारण वर गेलं तरी कागद परत खालीच पाठवतात, अहवाल द्या म्हणून.

आता टप्पे. हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो.

मंत्र्यांनी कार्यक्रमात काहीतरी सांगितलं, ती झाली घोषणा. मग कधी कधी मंत्रिमंडळात येतं. मग नियम बदलायचा असेल तर तो राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटात छापून यावा लागतो. मग खातं परिपत्रक काढतं. आणि मग शाळेची नोटीस तुमच्या मुलाच्या डायरीत चिकटते. घोषणेपासून डायरीपर्यंत कधी चार दिवस लागतात, कधी वर्ष जातं, आणि कधी घोषणा तिथेच राहते.

एप्रिलचंच बघा. गोव्यात आपण सगळे जूनला शाळा ह्या हिशोबाने वाढलो, पहिला पाऊस, नवीन रेनकोट, पुस्तकांना कव्हरं, तो वास अजून आठवतो. शैक्षणिक वर्ष एप्रिलपासून करायचं हे बोलणं बरेच दिवस चालू होतं, पेपरात येत होतं, पण पालकांच्या गप्पांत "असं काय होणार नाही, एवढ्या उन्हात कोण पोरांना बोलावतो" हेच. त्याच्यासाठी १९८६ च्या गोवा शालेय शिक्षण नियमांत बदल करावा लागला, आणि शेवटी ७ एप्रिल २०२५ ला सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग सुरू झालेसुद्धा. काही पालक हायकोर्टात गेले होते, तरी वर्ग ठरल्या दिवशी भरले. आमच्या ग्रुपवर मार्चच्या शेवटी कोणी कोणी गावाला जायची तिकिटं काढून बसलेले, कोणाच्या बहिणीचं लग्न एप्रिलात, आणि सगळे एकमेकांना विचारतात की खरंच जायचं का. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखं दोन्हीकडे आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर पंखा धड चालत नाही आणि पाण्याची टाकी एप्रिलात तळाला जाते अशा शाळांची सोय आधी बघायला हवी होती. पण हे म्हणायची जागा घोषणेच्या वेळची होती, मार्चची नव्हती. मी पण तेव्हा काही लिहून दिलं नाही, हे मला अजून लागतं.

म्हणून पेपरात "विचाराधीन", "प्रस्ताव", "लवकरच" असे शब्द दिसले की ती बातमी सोडून देऊ नका, तीच खरी बोलायची वेळ. आणि "अधिसूचना जारी" वाचलं की समजायचं, आता अंमलबजावणीच्या अडचणी मांडायच्या, निर्णयावर वाद घालून लगेच फारसं हाती लागत नाही.

परिपत्रक कसं वाचायचं ते सांगते. बहुतेक वेळा इंग्रजीत असतं, घाबरायचं काही कारण नाही, मुलांकडून वाचून घ्या किंवा बाईंना विचारा, पण स्वतः पाच गोष्टी बघाच. डोक्यावर खात्याचं नाव आणि क्रमांक आहे का. तारीख कुठली. खाली सही कोणाची आणि हुद्दा काय. कुठल्या शाळांना लागू, सरकारी, अनुदानित की विनाअनुदानित. आणि कुठल्या इयत्तांना, कुठल्या वर्षापासून. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची. नवीन शिक्षण धोरण २०२० चं, पण आपल्याकडे पायाभूत स्तराची (बालवाडी ते दुसरी) सुरुवात २०२३-२४ मध्ये झाली आणि मग पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने आले, त्यामुळे शेजारच्या मुलाला लागू झालेला नियम तुमच्या मुलाला त्याच वर्षी लागू असेलच असं नाही. एकाच घरात दोन भावंडांना दोन वेगळ्या पद्धती चालू असलेलं मी बघितलंय.

पावसाच्या सुट्टीचा किस्सा सांगते. जुलै महिना, रात्रीचे पावणेअकरा, बाहेर धो धो, लाईट दोनदा जाऊन आलेली. ग्रुपवर परिपत्रकाचा फोटो आला, उद्या शाळांना सुट्टी, सही-शिक्का सगळं व्यवस्थित. वीस जणांनी हात जोडले, कोणी "देव बरे करो" लिहिलं. मी फोटो मोठा करून बघितला तर वरचा कोपरा कापलेला, जिथे तारीख असते नेमका तोच. खाली मजकुरात वार लिहिलेला होता तो दुसऱ्या दिवसाशी जुळेना. ते आदल्या वर्षीचं परिपत्रक निघालं. सकाळी शाळा भरली, आणि अर्धी मुलं घरी. एका मुलाची त्या दिवशी युनिट टेस्ट बुडाली. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एक नियम केलाय की पूर्ण कागद दिसत नसेल, म्हणजे वरपासून खालपर्यंत, तर पुढे पाठवायचा नाही, आणि सुट्टीचं फक्त मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षिका टाकतील. खऱ्या सुट्टीची बातमी खात्याच्या वेबसाइटवर आणि सकाळी आकाशवाणीवर मिळते, तोपर्यंत डबा भरून ठेवलेला बरा.

राजपत्राबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसतं. गोव्याचं राजपत्र दर गुरुवारी निघतं, तीन मालिकांत, आणि सरकारी छापखान्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. पहिल्या मालिकेत कायदे आणि नियम येतात, म्हणून शाळेच्या नियमात बदल झाला म्हणाले की ती आधी उघडायची. तातडीचं असेल तर जादा अंक निघतो, त्यामुळे गुरुवारच्या अंकात नाही म्हणून बदल झालाच नाही असं समजू नका. मला पहिल्यांदा हे शोधायला पूर्ण संध्याकाळ लागली, आता दहा मिनिटांत होतं.

दुसरी जागा विधानसभा. आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांना खातं लेखी उत्तर देतं आणि ती उत्तरं विधानसभेच्या वेबसाइटवर असतात. तालुक्यात कुठल्या शाळेत किती मुलं, किती शिक्षक, कुठल्या इमारतीचं काम रखडलंय, असलं सगळं त्या जोडपत्रांत सापडतं, फक्त बसून शोधायला हवं. तुमच्या शाळेचं नसेल तर तुमच्या आमदाराला सांगा, पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न टाका म्हणून, पण तोंडी नाही, प्रश्न लिहून हातात द्या.

आता शाळेतल्या समितीकडे येते, कारण खरी ताकद तिथे आहे आणि आपण ती चहा-बिस्किटात घालवतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बायका. विनाअनुदानित शाळांना हे लागू नाही, तिथे पालक-शिक्षक संघावर भागवावं लागतं. समितीचं काम फक्त गॅदरिंगचा मंडप ठरवणं नाही. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान कुठे गेलं ते बघणं, हे कायद्यात लिहिलंय. मीटिंगला जाताना आधी मागच्या सभेचं इतिवृत्त मागून वाचा. ह्यावेळच्या अजेंड्यावर तुमचा विषय लेखी घाला, चार दिवस आधी. सभेत ठराव झाला की तो शब्दाला शब्द तिथेच वाचून घ्या, सूचक-अनुमोदकांची नावं घाला, आणि प्रत मागा. "सगळ्यांचं एकमत झालं" एवढंच इतिवृत्तात असेल तर त्याचा पुढे काही उपयोग होत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. शाळेत तेवीस मुलं, चार वर्ग, दोन बाई. जुलैमध्ये एका बाईंना "तात्पुरतं" दुसऱ्या शाळेत पाठवलं. राहिल्या एकट्या बाई चार वर्गांना. पहिलीच्या मुलांना चित्र रंगवायला देऊन त्या चौथीला भागाकार शिकवायच्या, आणि मधेच माध्यान्ह आहार आला की मोजून घ्यायला उठायच्या. माझा मुलगा महिनाभर रोज एकच हत्ती रंगवून घरी आणत होता, करडा हत्ती, करडा हत्ती, मग एक दिवस हिरवा. विचारलं तर म्हणे करडा खडू संपला.

आम्ही आठ पालक बाईंकडे गेलो, त्या म्हणाल्या माझ्या हातात नाही. खरंच नव्हतं. मग कायद्याचं परिशिष्ट काढलं. त्यात स्पष्ट आहे, पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे तेवीस असोत की साठ, दोन. "मुलं कमी आहेत म्हणून एक पुरे" हे कायद्यात बसत नाही. हा आकडा पाठ करून ठेवा, लहान शाळांच्या पालकांना ह्याच्यासारखा आधार नाही. त्याच परिशिष्टात शाळेचे दिवस पण आहेत, पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२०. आणि कलम २७ मध्ये असं आहे की शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकीच्या बिगर-शैक्षणिक कामाला लावता येत नाही.

मग समितीची सभा, ठराव, आणि अर्ज. अर्ज मी मराठीत लिहिला. इंग्रजीतच द्यावा लागतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद पण त्याच कायद्यात आहे. अर्जात भावना कमी आणि माहिती जास्त ठेवायची. आमचा साधारण असा होता:

"विषय: एक शिक्षिका इतरत्र पाठवल्यामुळे चार वर्ग एका शिक्षिकेकडे असल्याबाबत. महोदय, आमच्या शाळेत इयत्ता पहिली ते चौथीत २३ विद्यार्थी आहेत. अमुक तारखेपासून एकच शिक्षिका आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टानुसार किमान दोन शिक्षक आवश्यक आहेत. शाळा व्यवस्थापन समितीने अमुक तारखेच्या सभेत केलेला ठराव सोबत जोडला आहे. शिक्षिकेला मूळ शाळेत कधी परत पाठवणार ते लेखी कळवावे ही विनंती."

एवढंच, एक पान. खाली सगळ्या पालकांच्या सह्या, आणि शाळेचा यूडायस कोड, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक घाला, अकरा आकडी असतो, गोव्यातल्या शाळांचा ३० ने सुरू होतो, सारख्या नावाच्या शाळा असतात त्यात घोळ होत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची आणि दुसरीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का घ्यायचा. मी गेले तेव्हा क्लार्क म्हणाला ठेवून जा, साहेब आले की देतो. मी म्हटलं भाऊ, शिक्का मारून द्या, मी थांबते. त्याने ड्रॉवर उघडला, शिक्क्याचं पॅड सुकलेलं, बाटलीतलं दोन थेंब पाणी टाकून बोटाने चोळलं, पहिला शिक्का अर्धाच उमटला, मग दुसरा मारला, आणि वर पेनाने नंबर आणि तारीख घातली. तो जांभळा पुसट शिक्का असलेला कागद मी प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवलाय. पुढे तीन वेळा विचारायला गेले, तिन्ही वेळा त्या नंबरानेच फाईल सापडली.

उत्तर आलंच नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपये फी, उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं, नाही मिळालं किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यात पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. ह्यात एक युक्ती लक्षात ठेवा, "का पाठवलं" असं विचारू नका, कारणं द्यायला ते बांधील नसतात, "पाठवण्याच्या आदेशाची प्रत द्या, त्या फाईलवरच्या टिपणांची प्रत द्या, माझ्या अमुक इनवर्ड नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याची प्रत द्या" असं मागा. कागद मागितला की कागद मिळतो. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही, गणेश चवथीच्या सुट्टीनंतर बाई परत आल्या. त्या दिवशी मुलगा घरी आला तो दप्तर न काढताच म्हणाला, आज आम्ही कविता म्हटली.

कमी पटाच्या शाळा जोडण्याचा विषय पण अधूनमधून येतो, आणि मराठी शाळांच्या पालकांना तो जास्त टोचतो. मागचं थोडं माहीत असलेलं बरं. १९९० मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिकचं अनुदान प्रादेशिक भाषेतल्या शाळांनाच असं धोरण आलं, मग २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय झाला, त्यावर मोठं आंदोलन झालं, ते बहुतेकांना आठवत असेल. माध्यमावर मी इथे वाद घालत नाही, ज्याचं त्याने ठरवावं. पण तुमच्या गावातली शाळा दुसरीत जोडणार असं कानावर आलं तर पट खाली गेल्यावर जागे होऊ नका. फेब्रुवारीतच अंगणवाडीतली मुलं मोजा, घरोघर जा, समितीचा ठराव करा, आणि ग्रामसभेत विषय मांडा. पंचायतीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात रविवारी असतात, तिथला ठराव पंचायतीच्या रजिस्टरात जातो, त्याला वजन आहे. मुलाला रोज किती चालावं लागेल, मध्ये हायवे आहे का, ओहोळ आहे का, पावसात साकव पाण्याखाली जातो का, हे नकाशावर खुणा करून दाखवा. केंद्राच्या नमुना नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे. बालरथ (मुलांना नेणारी शाळेची बस) येईल असं कोणी तोंडी सांगितलं तर कधीपासून आणि कुठल्या थांब्यावरून ते लेखी मागा.

दहावी-बारावीच्या पालकांसाठी थोडक्यात. २०२५ मध्ये बारावीचा निकाल मार्चच्या शेवटी लागला आणि दहावीचा ७ एप्रिलला, म्हणजे मे-जूनची जुनी सवय सोडून द्या. मार्क कमी वाटले तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि फेरतपासणी अशा सोयी मंडळाकडे आहेत, पण मुदत अगदी थोडे दिवसांची असते आणि ती निकालाच्या परिपत्रकातच छापलेली असते. निकालाच्या दिवशी मार्कशीटबरोबर ते परिपत्रक पण वाचा. शक्यतो आधी फोटोकॉपी घ्या, विषयशिक्षकांना दाखवा, आणि मग पुढचे पैसे भरायचे की नाही ते ठरवा. मुलाला समोर बसवूनच हे करा, त्याच्या पाठीमागे नको, पेपर त्याने लिहिलेला असतो आणि कुठे काय लिहिलं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पुढच्या मीटिंगला जाताना एक वही न्या, साधी दोनशे पानी. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांचा, भागशिक्षणाधिकारी ऑफिसचा आणि झोनच्या ऑफिसचा नंबर. मग प्रत्येक अर्जाला एक पान, वर इनवर्ड नंबर आणि तारीख, खाली कधी गेलो, कोण भेटलं, काय म्हणाले. आमच्या समितीची मुदत संपली की मी ही वही नवीन अध्यक्षीणबाईंकडे देणार आहे, त्यांचं मूल आत्ता बालवाडीत आहे, म्हणजे निदान चार-पाच वर्षं तरी वही चालू राहील.